आत येण्याआधी नाव घ्या

अडकित्ता म्हणजे काय ते माझ्या पोरीला ठाऊक नव्हतं. तिला सूडी ठाऊक होती, कारण शेजारच्या गुजराती बेनकडे होती, आणि गुजरातीत अडकित्त्याला सूडीच म्हणतात. आमच्या घरात सुपारीच नव्हती, तर अडकित्ता कशाला असेल? आणि पुढं त्याच पोरीला अडकित्त्यांचंच काम मिळालं. तेही फोटोतले अडकित्ते. ज्यांचे होते त्यांच्यात सुपारी कुणीच फोडत नव्हतं.

आधीचं थोडं सांगते, नाहीतर मी त्या दिवसांत एवढी का धास्तावले होते ते कळायचं नाही.

आम्ही धुळ्याकडचे. तिकडं वर्षातून काही महिने दुसऱ्याच्या शेतात काम, बाकीचे महिने आभाळाकडं बघायचं. ऐंशी सालानंतर एका गाववाल्यानं सांगितलं की सिल्वासाला नवे नवे कारखाने उघडतायत, मालकांना कर माफ आहे, माणसांना हाका मारमारून कामावर घेतात. आम्ही आलो. पोरगी कडेवर होती. तिच्या वडलांना प्लास्टिकच्या पिंपांच्या कारखान्यात काम लागलं. सिल्वासाच्या आमली भागात पत्र्याची खोली घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, त्यातून ते उठले नाहीत. त्यावर मी जास्त बोलत नाही. रडायला पण जागा लागते, त्या खोलीत तेवढी नव्हती.

मग मी जवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात लागले. मोठ्या मशीनवर धागा पीळ घेऊन पुठ्ठ्याच्या निमुळत्या नळकांड्यावर चढतो, त्याला कोन म्हणतात. भरलेला कोन उतरवायचा, रिकामा चढवायचा. एवढंच काम, पण पाय थांबत नाहीत. पोरीला बेनकडं ठेवायची. मशीनचा आवाज असा की शेजारी उभी असलेली बाई काय बोलते ते तिच्या ओठांवरून ओळखायचं. माझे कान त्यातच गेले. पण ओठ वाचायची सवय लागली, म्हणून आजही लोकांना वाटतं म्हातारीला सगळं ऐकू येतं. माझ्यादेखत कुणी हळू बोलून काही लपवायला गेलं तर त्याचंच नुकसान.

कामावर गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, सध्यापुरती जाते. ते सध्यापुरतं पोरगी बारावी झाली तरी संपलं नव्हतं.

पोरगी गुजराती शाळेत शिकली. तिचं मराठी म्हणजे माझं ऐकून झालेलं, त्यात निम्मं गुजराती, निम्मं हिंदी. बारावीनंतर ती आमलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. फी द्यायची ऐपत नव्हती, म्हणून झाडलोट करायची, पडदे धुवायची आणि शिकायची. हळूहळू लहान पोरांना तीच शिकवायला लागली. क्लासचे सर गुजराती. मनानं चांगले, पण धंद्यात कच्चे. फी बुडवणाऱ्याला पण चहा पाजायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एक दिवस त्यांनी पोरीला सांगितलं, बेटा, दिवाळीपर्यंत तुला ठेवतो, पुढं मला जमेल असं वाटत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी आमच्या कारखान्यात तिचं नाव घातलं. पॅकिंगला पोरी घेणार होते, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं, आणि नाव आधी द्यावं लागायचं. टाइमकीपर आमच्याच खानदेशातला, जळगावकडचा, मला मावशी म्हणायचा. त्यानं लगेच घातलं. घरी येऊन पोरीला सांगितलं. ती जेवली, ताटं घासली, झोपली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पॅकिंगचं काम वाईट नाही, पण त्या गेटातून आत सध्यापुरतं गेलेली बाई मी आरशात रोज बघत होते.

त्याच महिन्यात क्लासवर साहेब आले.

साहेब कोकणातले. इथल्या सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, रिटायर झाल्यावर इथंच घर बांधून राहिले. त्यांना अडकित्ते जमवायचं वेड. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशात अशा वस्तू जमवणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर आपापले अड्डे केलेत. तिथं ते एकमेकांना वस्तू दाखवतात, विचारपूस करतात, अदलाबदल करतात. साहेबांना तसा मराठी अड्डा पाहिजे होता. ते सरांना म्हणाले, आपल्याकडं गावोगाव माझ्यासारखे वेडे आहेत, पण एकाला दुसरा ठाऊक नाही. सरांना इंटरनेट म्हणजे फोनचं बिल एवढंच कळत होतं. त्यांनी पोरीला पुढं केलं.

ठरलं असं. फोनचा खर्च साहेबांचा. पोरीनं अड्डा बांधायचा. दिवाळीपर्यंत माणसं जमली तर साहेब पुढंही चालवणार, पोरीला त्याचा पगार देणार. नाही जमली तर बंद. म्हणजे दोन्हीकडून दिवाळी. मला ते ऐकून हायसं वाटलं, आणि नाव मात्र मी कारखान्यातून काढलं नाही.

माझी सुट्टी शनिवारी. एका शनिवारी पोरीबरोबर साहेबांच्या घरी गेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. साहेबांनी पायजम्याच्या नाडीला बांधलेली किल्ली सोडली, कपाट उघडलं, आणि एकेक अडकित्ता मऊ कापडातून बाहेर काढला. घोड्याचा, पोपटाचा, राजाराणीचा. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, साहेब, तुम्ही पान खाता का? ते म्हणाले, छे, दात कुठं आहेत. स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आपटल्याचं मला पण ऐकू आलं.

पोरगी म्हणाली की याचे फोटो काढू, आधी तुमचेच टाकू. साहेबांनी लगेच कापड गुंडाळलं. म्हणाले, माझे नको, आधी लोकांनी त्यांचे दाखवावेत. आजूबाजूला कळलं की घरात अशा वस्तू आहेत तर चोर येतात, भाऊबंद येतात, म्हणतात आजोबांच्या वस्तूत आमचा पण वाटा. परत येताना पोरगी वैतागून म्हणाली, "आई, याला सगळ्यांच्या घरात डोकवायचंय आणि स्वतःचं दार लावून घ्यायचंय." मी म्हटलं, मग बाकीचे पण तसेच असतील. तसेच निघाले.

क्लास सुटल्यावर ती कामाला बसायची. माझी पहिली पाळी असली की मी पण तिथं जाऊन बसायचे, भाजी निवडत. फोन लावला की ते यंत्र कोंबडं धरल्यासारखं ओरडायचं, मग गप्प व्हायचं, म्हणजे लागलं. त्यात तेव्हा मराठी अक्षरं नीट येत नव्हती, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. कुठूनसा एका अडकित्त्याचा फोटो मिळवून तिनं अड्ड्याच्या पहिल्या पानावर, म्हणजे दारावर, लावला. तो असा सावकाश वरून खाली दिसत यायचा, जसा नवरीच्या तोंडावरचा पदर कुणी इंचाइंचानं खाली सरकवतंय.

दारावरच साहेबांनी सांगितलेले प्रश्न होते. नाव काय, पत्ता काय, फोन आहे का, वस्तू किती, कुठून आणल्या. सगळं भरलं की आत जायला मिळायचं. आत फळ्यासारखी जागा होती, तिथं लिहायचं, फोटो लावायचे. साहेबांनी ओळखीच्या सगळ्यांना कार्डं पाठवली. लोक यायचे, दारापर्यंत यायचे, आणि पळून जायचे. पोरीला ते यंत्रात दिसायचं. महिना गेला, आत एक माणूस आला नाही. साहेब आत जाऊन एकटेच बसायचे म्हणा ना.

मी म्हटलं, पोलीस चौकीत पण एवढं विचारत नाहीत. पोरीला ते पटलंच होतं, फक्त साहेबांची भीड होती. एके दिवशी तिनं सगळे प्रश्न काढून टाकले. एकच चौकट ठेवली. कुणालाही कुठलंही नाव धरून आत येता यावं, खरं नसलं तरी चालेल, असं तिच्या मनात होतं. इंग्रजीत त्याला नाव निवडा अशा अर्थाचं काही लिहितात. निवडा हा शब्द तिला भाजीचा वाटला. मी समोर मेथी निवडत होते, त्याचा परिणाम. म्हणून तिनं तिच्या बुद्धीनं दारावर लिहिलं: आत येण्याआधी नाव घ्या.

मला तिनं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी तेव्हाच हसले असते.

दोनतीन दिवसांनी मी क्लासवर गेले तर ती डोकं धरून बसलेली. म्हणाली, आई, यंत्र बिघडलं किंवा कुणीतरी चेष्टा करतंय. नावाच्या चौकटीत लोक काहीही लिहितायत, तेही अर्धंच. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं, "चांदीच्या तबकात." मी म्हटलं, पुढं? म्हणाली, पुढं काही नाही, एवढंच. दुसरं वाच. "हळदीच्या गावात." तिसरं, "संत्र्याच्या साली." आणि हा पहिला माणूस तर चार वेळा आला आणि चारही वेळा चांदीच्या तबकातच अडकला.

मला आधी हसू फुटलं आणि मग कारण सांगता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरीला वाटलं मला काही झालं. तिनं सरांना हाक मारली. सर पाणी घेऊन आले.

"अगं, ते उखाणे घेतायत," मी म्हटलं. "तूच सांगितलंस ना दारात, आत येण्याआधी नाव घ्या!"

पोरीला उखाणा ठाऊक नव्हता. तिचा काय दोष? गावाकडच्या लग्नाला जायचं तर भाडं पाहिजे, सुट्टी पाहिजे. आमच्या चाळीत लग्नं व्हायची ती गुजराती, नाहीतर बिहारकडची, नाहीतर वारल्यांची. मी तिला सांगितलं की नवी नवरी सासरच्या उंबऱ्यावर आली की नणंदा दार अडवतात. म्हणतात, नाव घे, मग आत ये. मग तिनं नवऱ्याचं नाव यमक जुळवून त्यात घालायचं. एरवी ज्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याचं नाव सगळ्यांसमोर गाण्यासारखं घ्यायचं. सर म्हणाले, पण हे तर सगळे पुरुष आहेत. मी म्हटलं, म्हणूनच चार चार वेळा येतायत, हौस फिटली नसेल.

अर्धेच का, ते पोरीला लगेच समजलं. चौकट छोटी होती, थोडीच अक्षरं मावत होती. ती बिचारी माणसं तबकापर्यंत यायची आणि दार बंद. तिनं चौकट चांगली लांब केली.

मग धो धो आले. अकोल्याच्या माणसानं लिहिलं:

चांदीच्या तबकात विड्याची पानं,
मोराच्या अडकित्त्याचं नाव घेतो मानानं.

सांगलीकडच्यानं लिहिलं:

हळदीच्या गावात हत्तीला माज,
अडकित्त्याचं नाव घ्यायला कसली लाज?

बघा, हे लोक किती हुशार. स्वतःचं नाव कुणीच सांगितलं नाही. ज्या वस्तूवर जीव होता तिचं नाव घेतलं, जसं बायका नवऱ्याचं घेतात. आत फळ्यावर मग ते एकमेकांना तसंच बोलायला लागले. ओ मोरवाले, ओ हत्तीवाले. मोरवाल्यानं मोराचा फोटो लावला. हत्तीवाल्यानं विचारलं, तुमच्या मोराची चोच मूळची आहे का नंतर लावलेली? त्यावर मोरवाला रागावला, आणि भांडण वाचायला अजून चारजण आत आले. पोरगी घरी येऊन मला सगळं सांगायची, जेवताना, ओरडून ओरडून, माझ्या कानांमुळे. पलीकडच्या खोलीतली बेन भिंतीतून विचारायची, पछी मोरवाळाए शुं कह्युं, म्हणजे मग मोरवाला काय म्हणाला?

शनिवारी कागदावर छापून आम्ही साहेबांकडं नेलं. मला वाटलं साहेब खूश होतील. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि कागद टेबलावर ठेवले.

"हा संग्राहकांचा मंच आहे," ते म्हणाले, "हळदीकुंकू नाही."

पोरीनं चूक कशी झाली ते सांगितलं. साहेबांनी शांतपणे समजावलं की नाव घ्या नाही, नाव द्या म्हणतात. शिकलेल्या लोकांसमोर आपलं हसं होतं. आजच्या आज बदल. पोरीनं त्याच दिवशी बदललं. नाव द्या. जुने प्रश्न पण परत लावले, पत्ता, फोन, सगळे.

दुसऱ्या दिवसापासून सामसूम. नवीन कुणी येईना, आले होते ते पण दारातून वळायचे. अकोल्याहून एकाची ईमेल आली, एकच ओळ: दार का लावून घेतलं?

दिवाळी तोंडावर आली होती. टाइमकीपरनं मला सांगितलं, मावशी, गेटपाससाठी पोरीचा फोटो आणा. मी पोरीला फोटोवाल्याकडं नेलं. तिनं माझी चांगली साडी नेसली होती. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तसाच काढला. तो फोटो आजही माझ्याकडं आहे, आम्ही त्याला चोराचा फोटो म्हणतो. त्या दिवशी मात्र मला काही सुचत नव्हतं. येताना रस्त्यात पोरगी म्हणाली, आई, पॅकिंगला बसून करतात का उभं राहून? मी म्हटलं, उभं राहून. ती म्हणाली, बरं. 

पुढच्या शनिवारी साहेबांकडं न्यायला काही नव्हतं. फक्त एक कागद होता. पोरीनं तो पिशवीत घातला आणि मला म्हणाली, मी काही बोलणार नाही, तू पण काही विचारू नकोस. मी विचारलं नाही.

साहेब खुर्चीत बसले होते. आम्ही समोर. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात कणकेचं ताट. पोरीनं कागद पुढं केला. साहेबांनी तो वरवर बघितला आणि म्हणाले, एकच? दार बदललं तरी ह्या बाईनं नाव घेतलंच का? आणि मोठ्यानं वाचायला लागले:

कपाटाला कुलूप, किल्ली यांच्या कमरेला,
अडकित्ते डझनभर, अन् घरात सुपारी नाही फोडायला.

वाचता वाचता माझं लक्ष काकूंकडं गेलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. साहेबांच्या पुढं अर्धा शब्द. साहेब कमरेला म्हणायच्या आत काकूंच्या ओठांवर कमरेला झालेलं. मी पोरीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. मागून कळलं की काकू भाजी आणायला म्हणून आमलीला आल्या होत्या, क्लासवर बसून त्यांनी हे तिच्याकडून लिहून घेतलं होतं. पोरीनं त्यांना सांगितलं होतं, काकू, आता नाव द्यायचं असतं. त्या म्हणाल्या होत्या, देणार नाही, घेणार.

साहेबांना हसू आलं. म्हणाले, बाई फटकळ आहे, पण बिचाऱ्या नवऱ्याची कीव येते. कुठली आहे?

"इथलीच," काकू म्हणाल्या.

साहेब म्हणाले, इथली म्हणजे? आणि मग त्यांचा हात आपोआप नाडीकडं गेला. किल्लीला लागला. तिथंच थांबला.

 मला वाटलं, झालं, उद्यापासून पोरगी माझ्याबरोबर कारखान्यात. मी पदर सावरून उठायच्या बेतात होते. काकू आत गेल्या आणि एक सुपारी घेऊन आल्या. सगळी तयारी करूनच ठेवली होती बाईनं. सुपारी त्यांनी साहेबांच्या पुढं ठेवली. म्हणाल्या, लग्न करून आले तेव्हापासून बघतेय, पुसता, गुंडाळता, परत ठेवता. माझ्या देखत एकदा तरी वापरा.

साहेबांनी सुपारी उचलली. मग उठले, कपाट उघडलं, घोड्याचा अडकित्ता काढला. सुपारी मध्ये धरली, दाबली. कट् करून ती उडाली ती थेट माझ्या चहाच्या कपात. काकू हसल्या. मी हसले. साहेबांना पण शेवटी आवरलं नाही. दुसऱ्या खेपेला सुपारी नीट फुटली, तिचा तुकडा काकूंनी तोंडात टाकला. साहेब अडकित्त्याच्या पात्यावर बोट फिरवत म्हणाले, अजून धार आहे याला. काकू म्हणाल्या, मला ठाऊक होतं.

मग पोरीकडं वळून ते म्हणाले, "दारावरचं परत पहिल्यासारखं कर. आणि आधी माझे टाक. सगळे."

सोमवारी साहेब आणि काकू क्लासवर आले. अडकित्ते पिशवीत, कापडात. सरांनी कुठून तरी कॅमेरा आणला. फोटो काढले, धुवून आणले, यंत्रातून चढवले, त्यात दोनतीन दिवस गेले. सगळं झाल्यावर पोरगी म्हणाली, काका, आता तुम्ही आत जा. आणि यंत्राचा पडदा त्यांच्यापुढं केला. दारावर लिहिलेलं होतंच. साहेब म्हणाले, मी कशाला, मी तर मालक. पोरगी उठली आणि नणंद दारात हात पसरून आडवी उभी राहते तशी खुर्चीपुढं उभी राहिली. नाव घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही म्हणाली. हे तिला मीच शिकवलेलं.

साहेबांचा चेहरा लाल झाला. क्लासमधली पोरं पण जमली. त्यांनी घसा साफ केला, यंत्राला नाही, समोर बघून म्हणाले:

अडकित्त्याची धार कमी, जास्त जिभेला हिच्या,
अमकीचं नाव घेतो, किल्ल्या आता हातात तिच्या.

अमकीच्या जागी त्यांनी काकूंचं खरं नाव घेतलं, ते मी इथं सांगत नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांना अर्धं मराठी कळलं असेल नसेल, पण टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या. पोरीनं भराभर ते चौकटीत उतरवलं आणि दार उघडलं.

पुढं मग काही अडलं नाही. साहेबांनी आपले सगळे दाखवले म्हटल्यावर बाकीच्यांची भीती गेली, का त्यांना चढाओढ लागली, देव जाणे. नागपूरचा घोडेवाला आला. कोल्हापूरहून एक आजी आल्या, नातवाकडून लिहून घ्यायच्या, त्यांच्या उखाण्यात अडकित्त्याबरोबर मेलेल्या नवऱ्याचं पण नाव होतं. हत्तीवाल्याला त्याच्या हत्तीसारखा दुसरा हत्ती बेळगावात सापडला, आणि दोघांनी आपापला दुसऱ्याला द्यायला नकार दिला, पण रोज चौकशी मात्र करायचे. जात्याचे, दिव्यांचे, काडेपेट्यांचे शौकीन विचारायला लागले, आम्हाला पण आत घ्या, आम्ही पण नाव घेतो. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, घ्या. कुणी काही विचारलं की पोरगीच उत्तर द्यायची, भांडण झालं की तीच मिटवायची. तिला तिथं सगळे ताई म्हणायचे. तिच्या वडलांच्या वयाची माणसं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात साहेब, काकू आणि सर तिघंही आमच्या खोलीवर आले. बसायला एकच खाट, तर सर उभेच राहिले. साहेब मला म्हणाले, बाई, पोरगी आमच्या कामावर राहील, पगार मी आणि अड्ड्यातली काही मंडळी मिळून देऊ, जागा सरांची. मी पगार किती ते विचारलंच नाही. बेननं भिंतीपलीकडून विचारलं, तिला मागून सांगितला.

ते गेल्यावर पोरगी म्हणाली, आई, तू काहीच का बोलली नाहीस, त्यांना वाटेल तुला आवडलं नाही. मी म्हटलं, आवडलं नसतं तर बोलले असते.   तिनं मला पाय शेकायला गरम पाणी करून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी मी टाइमकीपरच्या खिडकीशी गेले. म्हटलं, पोरीचं नाव काढा.

तो म्हणाला, का मावशी, लग्न ठरलं का?

म्हटलं, नाही, काम लागलं. त्यानं विचारलं, कसलं? मी सांगितलं, लोकांना नावं घ्यायला लावायचं. त्याला वाटलं मी थट्टा करते. मग मी थोडक्यात सांगितलं, कॉम्प्युटर, अडकित्ते, साहेब. मागं रांग लागली होती, तरी तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, म्हणजे पोरीनं नाव काढलं म्हणा की.

मी म्हटलं, तिनं काढलं, आता तुम्ही काढा. आणि त्या जागी रांधा गावाहून आमच्या कारखान्यात येते त्या बाईच्या पोरीचं घाला, तिला गरज आहे.

त्यानं वही उघडली, बोट ठेवलं, पेननं रेघ मारली. मी खिडकीत वाकून बघितलं. रेघ बारीक होती, खालून नाव अजून वाचता येत होतं.

म्हटलं, अजून एकदा मारा.